पायरवाडीचे दहा डबे

"सर, कंप्युटर कुठंयत?"

हा प्रश्न दादासाहेबांनी विचारला तेव्हा ते दहा कंप्युटरांच्या मधोमध उभे होते.

जयसिंग सरांना आधी वाटलं, अध्यक्षसाहेब चेष्टा करताहेत. पण दादासाहेब चेष्टा करणाऱ्यांतले नव्हते. पायरवाडी विद्यालयाची जागा त्यांच्या वडिलांनी दिलेली, संस्थेचे अध्यक्ष ते स्वतः, आणि उभ्या आयुष्यात त्यांनी एकदाच चेष्टा केली होती. ती मेहुण्याने मनावर घेतली आणि तेव्हापासून दोन घरांचं येणं-जाणं बंद होतं. म्हणजे प्रश्न खरा होता. सरांनी टेबलांवरच्या दहा पडद्यांकडे हात केला. दादासाहेब म्हणाले, हे टीव्ही झाले, आपण कंप्युटर मागवले होते.

पायरवाडी म्हणजे निघोज्याच्या पुढे, कंपन्यांच्या भिंती संपतात आणि कांद्याची शेतं सुरू होतात तिथली वस्ती. शेतं आता निम्मीच राहिली आहेत, बाकीच्या जागेत कामगारांच्या खोल्या उभ्या आहेत. जुन्या घरांतली आणि खोल्यांतली, दोन्हीकडची पोरं एकाच शाळेत येतात. चाकणच्या एका कंपनीने या शाळेला कंप्युटर खोलीसाठी निधी देऊ केला आणि अट घातली की निवड शाळेनेच करायची. बैठकीत कोण करणार असा प्रश्न निघाला, तेव्हा झाडून सगळे शिक्षक जयसिंग सरांकडे बघायला लागले. सर गणित शिकवत, हे एक कारण. दुसरं असं की ट्यूबलाइटचा स्टार्टर घ्यायचा झाला तरी हा माणूस तीन दुकानांत विचारून चौथ्या दुकानात घेई.

हा स्वभाव घरातूनच आलेला. सरांचे वडील भोसरीच्या एका कंपनीत तीस वर्षं स्टोअर सांभाळत होते आणि निवृत्तीच्या दिवशी मोजदाद झाली तेव्हा एक वॉशरसुद्धा कमी भरला नाही. निरोप समारंभात साहेब बरंच काही बोलले, पण वडिलांच्या लक्षात एकच वाक्य राहिलं, 'यांच्या नावावर डाग नाही'. ते वाक्य घरात इतक्यांदा ऐकवलं गेलं की मुलाला प्रामाणिकपणा मिळाला तो काळजीसकट. शाळेचा खडू चुकून खिशात राहिला तर जयसिंग सर भोसरीहून मुख्याध्यापकांना फोन करून कळवत. मुख्याध्यापक आता तो फोन उचलत नसत.

तर अशा माणसाने दीड महिना कंप्युटर निवडले. घरी फ्रिजच्या दारावर मोठा तक्ता चिकटला. सरांच्या बायकोला, मिनलला, दूध काढायचं तर आधी रॅम आणि मग वॉरंटी वाचावी लागे. एका दुकानदाराने आत रंगीत दिवे लागणारे कंप्युटर दाखवले, ते सरांनी पोरांचं लक्ष उडेल म्हणून सोडले. हिंजवडीच्या कंपन्यांनी काढून टाकलेले जुने कंप्युटर स्वस्तात मिळत होते, पण बिघडले तर धरायचं कोणाला, म्हणून तेही सोडले. शेवटी त्यांनी निवडला तळहाताएवढा छोटा कंप्युटर, जो पडद्याच्या मागे स्क्रूने बसवतात. मोठ्या डब्यांचे त्या निधीत सहाच बसत होते, या छोट्यांचे दहा. शिवाय गुरुवारी वीज जाते, तेव्हा हे दहाही शाळेच्या एका इन्व्हर्टरवर चालणार होते. सरांना स्वतःचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. तो त्यांनी मिनलला बोलून दाखवला. तिने आता फ्रिज मोकळा करा म्हणून सांगितलं.

आणि आता त्या खोलीत दादासाहेब विचारत होते, कंप्युटर कुठंयत.

सरांनी लगबगीने एक पडदा वळवला, मागचे स्क्रू काढले आणि छोटा कंप्युटर दादासाहेबांच्या हातावर ठेवला. दादासाहेबांनी चष्मा लावला. वस्तू उलटीपालटी करून बघितली, वजन केल्यासारखी हातात वरखाली केली.

"ह्यो तर सेट-टॉप बॉक्स हाय," ते म्हणाले. "आमच्या घरीबी हाय, टीव्हीच्या मागंच चिकटावलाय."

सरांनी दहा मिनिटं समजावून सांगितलं. आता तंत्रज्ञान किती लहान झालंय, मोठ्या डब्यात खरं तर हवाच कशी जास्त असते, वीज किती वाचते, सहाच्या जागी दहा कसे आले. दादासाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असंल."

पायरवाडीत 'न्हाई' म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालता येतो. 'असंल' म्हणणाऱ्याशी घालता येत नाही. त्याचा अर्थ असा की तुम्ही शिकलेले आहात, आम्ही अडाणी आहोत, पण आम्ही काही काल जन्मलो नाही. खोलीला उद्घाटनापर्यंत कुलूप लावायचं ठरलं होतं, ते दादासाहेबांनी लावलं आणि किल्ली या वेळी मुख्याध्यापकांकडे न देता स्वतःच्या कोपरीच्या खिशात ठेवली.

शाळेच्या शिपाई चिमाबाई. गावातली बातमी शाळेत आणि शाळेतली गावात, हे काम त्या पगाराशिवाय करत. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांसमोर चहा ठेवता ठेवता त्यांनी सांगितलं की गावात अशी बोलवा आहे, कंपनीने दहा टीव्ही आणि दहा कंप्युटर दिले, त्यातले टीव्ही तेवढे शाळेत पोचले. सरांचा चहा बशीत सांडला. उरलेले कुठे गेले म्हणतात, असं त्यांनी विचारलं.

"भोसरीला म्हंत्यात," चिमाबाई म्हणाल्या. "मी न्हाई म्हनत. लोक म्हंत्यात."

भोसरीला सर राहत होते. आणि दुर्दैव असं की अफवेला पुरावाही होता. कंप्युटर बसवले त्या दिवशी दहा रिकामी खोकी उरली होती. वॉरंटीसाठी खोकी जपून ठेवावी लागतात, हे सरांना माहीत. शाळेत उंदीर आहेत, हेही माहीत. म्हणून त्यांनी ती खोकी दोन खेपांत, स्कूटरच्या मागे दोरीने बांधून, भर चौकातून, चहाच्या टपरीसमोरून स्वतःच्या घरी नेली होती. टपरीवरच्या एकाने त्यांना हातसुद्धा केला होता, आणि सरांनी हसून मान हलवली होती. चोरी करणारा माणूस असा राजरोस जात नाही, हे खरं. पण टपरीवर त्याचा अर्थ 'काय डेरिंग आहे' असा लावला गेला.

सरांनी मग चुका करायला सुरुवात केली. घाबरलेला प्रामाणिक माणूस जितक्या चुका करतो तितक्या चोरही करत नाही. त्यांनी ती दहा खोकी परत शाळेत आणली, तर गावाने म्हटलं, माल ठेवून घेतला आणि खोकी परत केली. त्यांनी बिलाची झेरॉक्स सूचनाफलकावर लावली, तर लोकांनी म्हटलं, कुणी मागितलं नसताना बिल कशाला लावलं. एका पालकाने भेटून अदबीने विचारलं की या टीव्हीवर क्रिकेट दिसेल का, म्हणजे निदान तेवढा तरी उपयोग होईल. आठ दिवसांत सरांचं वजन दोन किलो उतरलं. वर्गात फळ्याकडे तोंड केलं की पाठीमागे कुणीतरी हसतंय असं त्यांना वाटे. पोरं हसत नव्हती, पण वाटणं काही कुणाच्या हातात नसतं.

खरी अडचण पुढे होती. खंडेनवमीला कंप्युटर खोलीचं उद्घाटन ठरलं होतं. त्या दिवशी या भागातल्या प्रत्येक कंपनीत यंत्रांची पूजा होते, तेव्हा शाळेचीही त्याच मुहूर्तावर व्हावी अशी दादासाहेबांची इच्छा होती. कंपनीतून स्नेहल मॅडम येणार होत्या. कंपनी गावांसाठी जो खर्च करते तो त्या बघत. त्यांच्यासमोर दादासाहेबांनी एका कागदावर सही करायची होती. कागदावर एकच ओळ होती, 'दहा संगणक संच पूर्ण व सुस्थितीत मिळाले.' सर तो कागद घेऊन दादासाहेबांच्या ओसरीवर गेले. दादासाहेबांनी वाचला आणि घडी करून परत दिला.

"सर, तुमच्यावर माझा काय राग न्हाई," ते म्हणाले. "पन जे डोळ्याला दिसंल त्याच्यावरच मी सही करनार. न दिसनाऱ्यावर सह्या करून आमच्या गावात किती जमिनी गेल्यात, तुमाला ठावं न्हाई."

हे खरं होतं. दादासाहेब पुढे म्हणाले की खंडेनवमीपर्यंत वाट बघू. नाहीतर कंपनीच्या मॅडमसमोरच विषय काढावा लागेल आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा लागेल. हे त्यांनी अगदी प्रेमाने सांगितलं आणि वर चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही. घरी येताना मोशीच्या सिग्नलला ते हिरवा दिवा लागल्यावरही उभेच राहिले. मागच्या टेम्पोवाल्याने जे ऐकवलं ते त्यांना लागलं नाही, इतका त्यांचा जीव दुसरीकडे अडकला होता. अर्ज गेला तर चौकशी लागणार. चौकशीत ते सुटणार, पण चौकशी झाली होती एवढंच लोक लक्षात ठेवणार. वडील अजून हयात होते आणि रोज सकाळी पेपर वाचत होते.

मिनलने हे सगळं ऐकून घेतलं. भाजी चिरता चिरता ती वैतागून म्हणाली, "अहो, त्यांना डबाच हवाय ना? मग द्या ना एकेक डबा ठेवून."

ती रागात बोलली होती. सरांनी ते मनावर घेतलं.

भिमाजीकाका म्हणजे सरांच्या वडिलांचे कंपनीतले सोबती. त्यांनी पुढे नोकरी सोडून भोसरीत एक शेड घेतली होती आणि तिथे ते विजेच्या पॅनेलसाठी पत्र्याचे डबे करत. सर शेडमध्ये गेले आणि मोठ्या कंप्युटरच्या मापाचे दहा डबे हवेत म्हणाले. काकांनी आनंदाने पाटी-पेन्सिल घेतली आणि विचारलं, "आत काय बसणार?"

"काही नाही."

"म्हणजे नंतर बसवणार?"

"नंतर पण नाही."

काकांनी ग्राइंडर बंद करायला सांगितला. पस्तीस वर्षांत त्यांनी हजारो डबे केले होते, पण आत काहीच बसणार नाही असा डबा त्यांच्याकडे कुणी मागितला नव्हता. सरांनी सगळी हकीकत सांगितली. काका म्हणाले, तुझ्या बापाच्या नावाचा प्रश्न आहे, करतो. आणि एकदा करायचं म्हटल्यावर त्यांच्यातला कारागीर जागा झाला. समोर हवेच्या जाळ्या पाडल्या. पुढे गोल बटण बसवलं, ते दाबलं की आतल्या सेलवर हिरवा दिवा लागे. डबा पोकळ वाजायला नको म्हणून तळाशी जाड लोखंडी पट्टी वेल्ड केली. सर म्हणत होते, इतकं नको, साधं करा. काका म्हणाले, उचलल्यावर हलकं लागलं तर सगळं मुसळ केरात. सरांनी मनाच्या समाधानासाठी चिठ्ठीवर 'पडद्याखालचे स्टँड, नग दहा' असं लिहून घेतलं आणि पैसे स्वतःच्या खिशातून दिले.

डबे टेम्पोतून शाळेत आले, दादासाहेबांनी कुलूप काढलं आणि प्रत्येक पडद्याखाली एकेक डबा बसला. दादासाहेबांनी पहिला डबा दोन्ही हातांनी उचलून बघितला. चांगला पाच किलोचा होता. बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. त्यांचा चेहरा असा काही खुलला की सरांनी 'हे स्टँड आहेत' म्हणायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं. पडद्यावर काहीच आलं नव्हतं, पण कंप्युटर आल्यावर पडद्याकडे कोण बघतो?

"आता कसं," दादासाहेब म्हणाले आणि त्यांनी सरांच्या पाठीवर थाप मारली. "झालं गेलं आपन इसरून जाऊ. मानूस हाय, चुकतो."

सरांना त्या थापेचा अर्थ दुसऱ्या दिवशी चिमाबाईंकडून कळला. गावात आता असं झालं होतं की सरांनी दहा कंप्युटर घरी ठेवले होते, पण दादासाहेबांनी डोळे वटारताच दहाच्या दहा टेम्पोत घालून आणून दिले. टेम्पो भोसरीचाच होता, नंबर दोघातिघांनी वाचला होता. काल संशय होता, आज कबुली झाली. दादासाहेबांचा गावात जयजयकार चालला होता आणि सरांबद्दल लोक समजुतीने बोलत होते, संसार आहे, मोह होतो एखाद्याला, परत तरी केले. त्या समजुतीने सर पुरते खचले. शिव्या दिल्या असत्या तर भांडता आलं असतं. घरी येऊन ते मिनलला म्हणाले, आपण बदलीचा अर्ज देऊ. तिने आठवण करून दिली की ही संस्था एका शाळेची आहे, बदली या वर्गातून त्या वर्गात होईल.

खंडेनवमीला सकाळीच अर्धं गाव शाळेत जमलं. सरांच्या घरी बुद्धवंदना होते, पूजाअर्चा नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, त्यांना सगळ्यांना घेऊन देहूरोडच्या विहारात जायचं होतं. पण लहानपणापासून वडिलांच्या कंपनीतले खंडेनवमीचे पेढे खाल्लेले, त्यामुळे त्यांना या पूजेचं वावडं नव्हतं. ते दाराशी उभे राहिले. दादासाहेबांनी एकेका डब्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, उदबत्ती ओवाळली. पडद्यांना कुणी काही वाहिलं नाही. मग दादासाहेबांनी दहाही डब्यांची बटणं स्वतःच्या हाताने बंद केली. पूजेला बसलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नसतं, उद्या दसऱ्याला सुरू करायचं, हा रिवाज.

स्नेहल मॅडम चाकण चौकात अडकल्या होत्या, त्या नारळ फुटून गेल्यावर पोचल्या. आल्या आल्या त्यांनी घाई केली. मुली कंप्युटरवर काम करताहेत असा व्हिडिओ आजच हेड ऑफिसला पाठवायचा होता, त्याशिवाय प्रकरण पूर्ण होणार नव्हतं. दादासाहेबांनी हात जोडले आणि सांगितलं की आज यंत्र चालवता येणार नाही. मॅडमनी आज नाही तर मग पुढच्या तिमाहीत, असं काहीतरी सांगितलं. दोन्ही बाजूंनी आवाज न चढवता बराच वेळ चाललं.

शेवटी तोड दादासाहेबांनीच काढली. "असं करा, निस्ते टीव्ही लावा," ते म्हणाले. "डबं बंदच ऱ्हाऊ द्या. फोटोत कुनाला कळतंय?"

मॅडमना यातलं काहीच कळलं नाही, पण होकार कळला. त्यांनी सरांना खूण केली. सगळं गाव बघत होतं. मान खाली घालून सर एकेका पडद्यामागे हात घालत गेले आणि दहाही पडदे उजळले. आठवीच्या मुली पुढे येऊन बसल्या. मॅडमच्या सांगण्यावरून मैत्री नावाच्या मुलीने आपलं नाव टाईप केलं, मग शाळेचं नाव, मग एक बेरीज केली, मग एक चित्र काढलं. कोपऱ्यातला प्रिंटर घरघरला आणि त्यातून तिचं चित्र बाहेर आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दादासाहेबांनी वाजवल्या नाहीत. ते मैत्रीच्या पडद्याखालच्या डब्याकडे बघत होते. डब्याचा दिवा बंद होता. त्यांनी बटण दाबलं, दिवा लागला. पडद्यावर काही फरक पडला नाही. पुन्हा दाबलं, दिवा गेला. मैत्री टाईप करतच होती. ते दुसऱ्या डब्याकडे गेले, तिसऱ्याकडे गेले, चौथ्याकडे गेले. टाळ्या हळूहळू थांबल्या.

"सर," दादासाहेब म्हणाले, "ह्ये बंद हाय आन् त्ये चालू कसं?"

सरांनी वर बघितलं. तीन आठवडे ज्या क्षणाची त्यांना धास्ती होती तो आला होता, आणि आल्यावर तो वाटला होता तेवढा मोठा नव्हता. त्यांनी मैत्रीचा पडदा वळवला आणि मागचा छोटा कंप्युटर सगळ्यांना दाखवला.

"दादासाहेब, कंप्युटर हा आहे. पहिल्या दिवसापासून हाच आहे. दहाच्या दहा. खालचे डबे रिकामे आहेत. तुम्हाला दिसत नव्हतं म्हणून मी भोसरीतून करून आणले. तेवढी माझी चूक आहे, बाकी काही नाही."

एकाने पुढे होऊन डबा वाजवून बघितला. दादासाहेब खुर्चीवर बसले. त्यांचं स्वतःचंही काही थोडं पणाला लागलं नव्हतं. डोळे वटारून दहा कंप्युटर परत आणणारे अध्यक्ष म्हणून आठ दिवस गाव त्यांना मानत होतं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "मग मी पूजा कशाची केली?"

मॅडम कॅमेरा खाली घेऊन नुसत्या बघत होत्या. तेव्हा ताट उचलता उचलता चिमाबाई म्हणाल्या, "लोखंडाची केली की. खंडेनवमीला लोखंडाचीच आसती. त्या बारक्याला कुठं लोखंड हाय?"

गाव एकदम सुटल्यासारखं हसलं. दादासाहेब हसले नाहीत, पण त्यांची मान वर आली. त्यांनी सरांकडून कागद मागून घेतला आणि सही करायच्या आधी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सरांनी आनायचं त्ये पयल्या दिवशीच आनलं व्हतं. भोसरीला कायबी गेलं न्हवतं. आमालाच दिसलं न्हाई, ही आमची चूक." मग त्यांनी सही केली, पूर्ण नावानिशी, खाली तारीख घालून. सरांचे डोळे भरून आले आणि ते झाकायला ते पडद्यांच्या तारा नीट करायला लागले. घरी त्यांनी हे वडिलांना सांगितलं तेव्हा म्हातारा नुसता 'बरं' म्हणाला, पण जेवताना एक भाकरी जास्त खाल्ली.

डबे तिथेच राहिले. पडदे त्यांच्यावर उंचीला बरोबर बसत होते. आठवीचा तास सुरू झाला, गुरुवारीही सुरू राहिला. सरांचं उतरलेलं वजन भरून आलं. दादासाहेबांनी मात्र नवं ज्ञान स्वतःपुरतं ठेवलं नाही. लग्नात, दशक्रियेला, ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर ते लोकांना सांगू लागले की खरा कंप्युटर तळहाताएवढा असतो आणि टीव्हीच्या मागे असतो, डबा नुसता पूजेचा.

दिवाळीची सुट्टी संपली त्या आठवड्यात जयसिंग सरांना एक फोन आला. ओढ्यापलीकडच्या गावच्या शाळेतले ज्योतीराम सर बोलत होते. त्यांच्याही शाळेला एका कंपनीने कंप्युटर दिले होते, सहा, चांगले मोठ्या डब्यांचे. उद्घाटनाला पाहुणे म्हणून दादासाहेब गेले होते. त्यांनी एक डबा वाजवून बघितला, पडद्यामागे वाकून हात फिरवला आणि तिथल्या अध्यक्षांना बाजूला घेऊन कानात काहीतरी सांगितलं. त्या अध्यक्षांनी पाहुणे गेल्यावर एक डबा उघडून बघितला. आत बरीचशी हवाच होती. तेव्हापासून ते कागदावर सही करायला तयार नव्हते आणि गावात ज्योतीराम सरांबद्दल काहीबाही बोललं जात होतं.

जयसिंग सरांनी तो आवाज लगेच ओळखला. तीन आठवडे तो त्यांचा स्वतःचा होता. ते धीर द्यायला जाणार, तेवढ्यात पलीकडून ज्योतीराम सरांनी घसा साफ केला आणि आवाज अगदी खाली आणला.

"सर, तळहाताएवढे सहा रिकामे डबे कुठं करून मिळतील का हो? पडद्यामागं चिकटवायला."